ठोकळ्यांचा नंदी

आमच्या गल्लीत दगड चाटणारा माणूस एकच होता. तसे नागपूरच्या लकडगंजात चाटणारे पुष्कळ. कोणी ठेकेदाराला चाटतो, कोणी पुढाऱ्याला. पण रस्त्यावरचा दगड उचलायचा, धोतराला पुसायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटून जरा थांबायचं आणि "नाही गा, दगडच होय" म्हणून जिथं होता तिथं, जसा होता तसाच परत ठेवायचा, हे काम फक्त दौलतरावचं.

"हाड असलं न मिस्त्री, तर जिभेले चिकटते. जुनं हाड. लाखो वर्षांचं. दगड असला तर सुटून येते."

"आणि शेण असलं तर?" मी विचारलं.

"त्या जनावराचं शेणही दगडच होऊन जाते. तेही चाटलं मी. साहेबानं मागून सांगितलं."

"मग काय केलं?"

"काय करतो? चूळ भरली अन् पुढचा दगड उचलला."

मला मिस्त्री म्हणतात. लाकूड चिरायच्या आरा मशीनच्या मागच्या गल्लीत माझं सुतारकामाचं दुकान. आता हात थरथरतो म्हणून दुकान पोरं पाहतात, पण ज्या वेळची ही गोष्ट आहे त्या वेळी रेडिओला लायसन लागायचं आणि माझ्या हातच्या लाकडी नंदीला तोड नव्हती. मी चौथीत शाळा सोडली. शाळेनंच मला सोडलं असं म्हणणारे दोघं-तिघं गल्लीत होते, त्यांच्या खाटा मी डुगडुगत्याच करून दिल्या. लिहिता येतं म्हणून लिहीत नाही. दौलतरावबद्दल गल्लीत वाट्टेल ते सांगतात, आणि चुकीचं सांगितलेलं मला सहन होत नाही म्हणून लिहितो.

दौलतराव खलाशी होता. खलाशी म्हटलं की तुम्हाला समुद्र आठवेल. नागपूरला कुठला समुद्र? जमिनीखालचा दगड तपासणारं एक सरकारी खातं असते, त्या खात्यातल्या तंबू ठोकणाऱ्या, पेट्या वाहणाऱ्या, खड्डे खणणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. दसरा झाला की दौलतराव साहेबांच्या मागं चांद्याकडच्या रानात जायचा, तो पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा. असं तीस वर्षं. तिकडं साहेब लोकांना जमिनीत डायनासोरची हाडं सापडली. सापडली म्हणजे दौलतरावच्या कुदळीला लागली आणि साहेबांच्या कागदावर चढली.

त्याची बायको गिरजाबाई. मूलबाळ नव्हतं. वर्षाचे आठ महिने दोन खोल्यांत एकटी. छपराचं कवेलू शाकारणं तिनं केलं, नळावरचं भांडण तिनं केलं, सासू-सासऱ्यांचं शेवटचं तिनं केलं. आमची घरची म्हणायची, "गिरजाबाई विधवा नाही एवढंच. बाकी सगळं तसंच होय." मी तिला गप्प केलं होतं. पण म्हणत होती ते खोटं नव्हतं.

मग दौलतराव रिटायर झाला आणि ट्रंक घेऊन कायमचा घरी आला. इथून गंमत सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात त्यानं स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याला सुतळीनं चिठ्ठी बांधली. "तिखट. दुसरी फळी. पूर्वेकडून तिसरा डबा. खोली एक वीत." तिकडं रानात जे जे सापडते त्याला अशी चिठ्ठी लावत म्हणे. गिरजाबाईनं सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि चुलीत घातल्या. दुसऱ्या आठवड्यात तो भुईमुगाच्या शेंगा रंगाच्या ब्रशनं साफ करायला बसला. एकेक शेंग. फुंकर मारायचा, ब्रश फिरवायचा, उजेडात धरायचा. अर्धा पाव शेंगा संध्याकाळपर्यंत झाल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या बकरीचा पाय मोडला, तर यानं रानात हाडाला बांधतात तसं तिच्या पायाला पोतं आणि प्लास्टर गुंडाळलं. महिनाभर ती बकरी ठक ठक करत गल्लीतून फिरायची, जसा काही पेन्शनर. बकरी बरी झाली हे मी नाकारत नाही.

आणि तोंडात सदा एकच शब्द. पुरावा.

"दूध म्हशीचं होय याचा पुरावा काय?" गवळ्याला.

"ही बस कामठीलेच जाते याचा पुरावा काय?" कंडक्टरला.

"उतरलं की समजते, बसा न बाप्पा," कंडक्टर म्हणाला. दौलतराव कामठीपर्यंत उभा राहून गेला.

साहेबानं शिकवलं होतं म्हणे त्याला. पुरावा नाही तर जनावर नाही. मी म्हटलं, तुझ्या साहेबाला माझ्या दुकानात आण, रंधा धर म्हण त्याला, मग पाहू साहेबपणाचा पुरावा. त्याला राग आला नाही. त्याला राग येतच नव्हता, त्यामुळं भांडणाची मजाच यायची नाही.

गल्लीत त्याचं एकाशीच बिनसलं, ते मुरलीभाऊशी. मुरलीभाऊ लाकडाचा ठेकेदार. नवीन घर बांधलं, वास्तूच्या जेवणाला सगळ्यांना बोलावलं. सगळे भिंतींची तारीफ करून राहिले होते. दौलतराव उठला, हात धुतले आणि भिंत चाटली.

"रेती जास्त होय," तो म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात मुरलीभाऊच्या त्याच भिंतीचा गिलावा माणूसभर उंचीनं खाली आला. तेव्हापासून मुरलीभाऊ त्याचं नाव काढत नव्हता. खरं बोलणाऱ्याला माफ करतात, खरं चाटणाऱ्याला नाही.

घरात तर निराळाच कारभार. गिरजाबाई नवऱ्याशी बोलायची नाही. भांडण झालं असंही नाही. बोलायची सवयच गेली होती. ती पाण्याच्या पिंपाशी बोलायची.

"कोणाचा चहा थंडा होऊन राहिला वाटते," ती पिंपाला सांगायची.

"येऊन राहिलो म्हणा," दौलतरावही पिंपालाच सांगायचा.

आमच्या दोन घरांत भिंत एकच, तीही माझ्या हातची नाही, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. त्या दोघांचा संसार पिंपाच्या मध्यस्थीनं चालला होता.

एक दिवस दौलतराव रंगात येऊन त्या जनावराचं सांगत होता. मान कशी लांब, शेपूट कशी लांब, एक मांडीचं हाड उचलायला आठ माणसं कशी लागली. नाव मात्र त्याला अर्धंच यायचं. साहेबानं सांगितलेलं नाव त्या जनावराएवढंच लांब होतं, याला मानेपर्यंतच आठवायचं. तेवढ्यात भांडं आदळल्याचा आवाज आला आणि गिरजाबाई पिंपाला म्हणाली,

"तीस वर्षं माणूस घरी नाही. मले तर ना हाड दिसलं ना जनावर. मनीऑर्डरवाला पोस्टमनच दिसला. म्हणावं, पुरावा काय?"

भिंतीपलीकडं असं सामसूम झालं की मी हातातला रंधा थांबवला.

दुसऱ्या दिवशी दौलतराव सीताबर्डीला गेला आणि पोरांच्या खेळण्याची एक पेटी घेऊन आला. प्लास्टिकच्या लाल-पिवळ्या विटा. वर बोंडं, खाली भोकं. एक दुसरीवर दाबली की बसते, ओढली की निघते. साठीचा माणूस जमिनीवर पालथा पडून त्या विटांचं जनावर बांधायला लागला. पेटी संपली तेव्हा शेपटीचं टोक तेवढं झालं होतं.

मग तो माझ्याकडं आला.

"मिस्त्री, असे ठोकळे लाकडाचे करून दे. खुंटी वरतून, भोक खालतून. लहान-मोठे, सांगतो तसे."

"मी नंदी घडवतो, दौलतराव. ठोकळे पाहिजे तर बालवाडीत जा."

"नंदी सांगितलाच नाही मी तुले."

"खिळे मार, सरेस लाव. एकदाच पक्कं जनावर करून देतो न. ठोकळे काहून?"

"पक्कं नाही पाहिजे. उद्या पुरावा सापडला की हे हाड इकडचं नव्हतं, तिकडचं होतं, तर काढून लावता आलं पाहिजे. अन् खोली दोनच आहेत गा. रात्री झोपतो कुठं?"

मी नाही म्हटलं. मी एकदा नाही म्हटलं की आरा मशीन बंद पडेल पण मी हलत नाही, हे लकडगंजाला माहीत आहे. फळीवर विकायला मांडलेले माझे नंदी होते. त्यातला सर्वांत मोठा दौलतरावनं उचलला, त्याच्या पाठीला जीभ लावली आणि डोळे मिटले.

"सागवान सांगून विकतो न हा? हे बीजा होय."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती.

मी ठोकळे करून दिले.

तो बीजाच होता. हे मी आजपर्यंत कबूल केलं नव्हतं, आता कोणी विचारायला उरलं नाही. आणि बीजाही काही वाईट लाकूड नाही.

दोन महिने माझ्या दुकानातला तुकडा-तुकडा त्या जनावरात गेला. सागाचा, बाभळीचा, खोक्याच्या फळीचा. तो आखून द्यायचा, मी करवतीनं कापायचो, गिरमिटानं भोक पाडायचो. एखादा ठोकळा मी जरा गोल करून, कड मारून दिला तर परत आणायचा. "देखणा नको. होता तसा पाहिजे." मला देखणं येतं याची तक्रार आयुष्यात मी तेवढीच ऐकली.

रोज सकाळी तो ट्रंक उघडायचा, भुशातून ठोकळे काढायचा आणि पुढच्या दारापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जनावर मांडायचा. अजायबघरात मांडतात तसं. मणके, बरगड्या, चार खांबासारखे पाय, टोकाला लाल-पिवळी शेपूट. संध्याकाळी सगळं उकलून परत ट्रंकेत. प्रत्येक ठोकळ्यावर खडूनं नंबर घातला होता. मी म्हटलं, शाईनं घाल, पक्का राहील. तर म्हणे हाडावर शाई लावत नसतात, साहेब रागावतात. साहेब कुठं, हाड कुठं!

गिरजाबाई चुलीपुढं भाकरी थापत बसलेली. नळावर जाताना ते धूड ओलांडून जायची, भरलेली घागर घेऊन परत ओलांडायची. तोंड फिरवून. पण एकदाही तिचा पाय लागला नाही. गल्लीतली पोट्टी खिडकीला लटकून "दौलतरावची घोरपड, दौलतरावची घोरपड" ओरडायची.

पुढं फक्त एकच भांडण राहिलं. डोक्याचं.

सगळं जनावर झालं, मान झाली आणि मानेच्या पुढं काहीच नाही. मी विचारलं, "डोकं कधी लावतो?"

"डोकं सापडलं नाही."

"म्हणजे?"

"तीन हंगाम शोधलं मिस्त्री. सगळं रान चाळलं. मान सापडली, शेपूट सापडली, डोकं नाही. जे सापडलं नाही ते मी कसं मांडू?"

"अरे लेका, बिनडोक्याचं जनावर कोण पाहील? मी देतो करून. चांगलं शिंगंबिंगं लावून, डोळ्यात कवड्या बसवून."

"पुरावा काय?"

मी त्याला त्या वेळी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. माझ्यासारखा कारागीर फुकटात डोकं देतो म्हणतो आणि हा पुरावा मागतो.

पोळा जवळ आला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळा खऱ्या बैलांचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा असतो, तो पोट्ट्यांचा. चाकांचा लाकडी नंदी सजवायचा, दोरी धरून घरोघर फिरवायचा. बायका नंदीच्या कपाळाला कुंकू लावतात आणि पोराच्या हातावर बोजारा म्हणून चार-आठ आणे ठेवतात. कमिटी सगळे नंदी रांगेत लावून बक्षीस देते. आमच्या गल्लीचा एक कडक नियम. आपल्या घरच्या बाईनं दारात पहिलं कुंकू लावल्याशिवाय नंदी दारापुढून हलवायचा नाही.

पोळ्याच्या आठ दिवस आधी दौलतराव म्हणाला, "मिस्त्री, चार चाकांचा एक लांब पाट करून दे. मीही नंदी काढतो."

मला हसू आवरेना. "वय काय तुझं? पोट्ट्यांत दोरी धरून फिरतो? अन् नंदी कुठला? ती घोरपड?"

तो माझ्या भुशात बसला. पायाच्या अंगठ्यानं भुसा उकरत म्हणाला, "कुंकू लावाले तरी बाहेर येईल न ती. नियमच आहे. आली तर पाहावंच लागते."

"अन् नाही आली तर?"

"तर तीस वर्षं फुकट गेली गा," तो म्हणाला. "तिची."

मी पाट करून दिला. चाकं सागाची लावली. खऱ्या सागाची.

तान्ह्या पोळ्याला सकाळी सर येऊन गेली होती, नाल्या भरून वाहत होत्या, पण ऊन पडलं होतं. दौलतरावनं धुतलेलं धोतर, टोपी, पायात खात्याचे जुने बूट असा पोशाख केला. जनावर पाटावर मांडलं, उंबऱ्याबाहेर आणलं आणि दोरी धरून उभा राहिला. पाठीवर एक फाटकी झूल टाकली होती, तेवढीच नंदीची खूण. आजूबाजूच्या दारांतून ओवाळणं सुरू होतं. पोट्टी आपापले नंदी घेऊन निघून गेली. हा उभाच.

आतून कोणी येईना.

"गिरजाबाई वं," आमच्या घरचीनं हाक मारली. "या न बाहेर. बुढा केव्हाचा उभा आहे."

आतून पिंपावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

अर्धा तास गेला. लोक जमले. एक म्हणे, "याच्यावर कोणता देव बसत होता, दौलतराव?" दुसरा म्हणे, "ब्रह्मदेव लहान होता न, तेव्हा याच्यावर बसूनच शाळेत जायचा." दौलतराव दाराकडं पाहत होता. मी हसणाऱ्यांतच होतो, उगाच खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात मुरलीभाऊ आला. तो कमिटीचा अध्यक्ष. छातीला झेंडूएवढा बिल्ला. मागं नंदींची रांग, ढोल.

"हे काय होय?"

"नंदी."

"शिंगं कुठं आहेत?"

"या जातीले नव्हती."

"डोकं कुठं आहे?"

"सापडलं नाही."

"वा बाप्पा!" मुरलीभाऊ लोकांकडं वळला. "बिनडोक्याचं जनावर अन् सणाच्या दिवशी! अपशकुन नाही तर काय? कपाळच नाही तर कुंकू कुठं लावतील? म्हणूनच घरची बाई बाहेर येऊन नाही राहिली. हटवा हे रस्त्यातून, रांग थांबली."

"तिनं लावल्याशिवाय नाही हलवत."

"ती नाही येत बुढ्या! साऱ्या गल्लीले समजलं, तुलेच नाही समजून राहिलं!"

दौलतरावला राग येतो हे मी त्या दिवशी पाहिलं. गर्रकन वळला आणि दोरीला असा हिसका दिला की पाट उडाला, पुढचं चाक नालीत गेलं. चाक मोडलं नाही, माझं होतं ते. पण जनावर मानेपासून शेपटीपर्यंत कललं आणि खळाखळा नालीत, चिखलात, लोकांच्या पायांत सांडलं.

पोट्टी टाळ्या पिटून हसली. मोठेही हसले. मग एकेक करून थांबले, कारण दौलतराव नालीत गुडघ्यावर बसला होता आणि ठोकळे उचलून उचलून पाहत होता. खडू धुऊन गेला होता. एकावरही नंबर नव्हता. त्यानं एक ठोकळा धोतराला पुसला आणि सवयीनं जिभेला लावला. नालीतला ठोकळा. मला काही ते पाहवलं नाही. मी नालीत उतरलो आणि ठोकळे गोळा करायला लागलो. मुरलीभाऊचा ढोलवालाही वाकला.

पाटावर पाय कसेबसे उभे झाले. मग दौलतराव एक ठोकळा पाठीत बसवायला लागला. बसेना. उलटा केला, तरी बसेना.

"ते मानेचं होय."

आवाज दारातून आला. गिरजाबाई उंबऱ्यात उभी होती. हात पिठाचे, पदर कमरेला खोचलेला.

"मानेतलं चौथं," ती म्हणाली. "पाठीत काहून लावून राहिले, अजी?"

ती हे पिंपाला म्हणाली नव्हती. पिंप आत होतं.

दौलतराव तोंड उघडं टाकून पाहतच राहिला. "तुले कसं..."

"रोज मांडता, रोज काढता. मले का दिसत नाही?" ती उतरून आली, साडी सावरली आणि चिखलात त्याच्यासमोर उकिडवी बसली. "तो बाभळीचा द्या इकडं. कमरेचा होय तो. त्याच्यावर ते दोन चपटे. तुम्ही हो मिस्त्री, ती बरगडी उलटी धरली तुम्ही. केली तुम्हीच अन् धरता उलटी?"

मला आयुष्यात एवढं कोणी बोललं नाही. मी बरगडी सुलटी केली.

ती मागत गेली, आम्ही देत गेलो. एकदाही अडली नाही. कोणता मणका कशानंतर, कोणत्या पायाचा कोणता ठोकळा, लाल वीट आधी की पिवळी, सगळं तिला पाठ. एका जागी दौलतराव म्हणाला, "हे सातवं," तर ती म्हणाली, "आठवं. सातवं तुम्ही शनिवारी बदललं." त्यानं मुकाट्यानं ती म्हणाली तिथं बसवलं. पुरावा मागितला नाही. मागं सगळी रांग, पंचवीस-तीस नंदी, ढोल, अध्यक्ष, सगळे थांबून होते. कोणाची हटवा म्हणायची हिंमत झाली नाही.

जनावर उभं झालं. गिरजाबाई आत गेली. पदर नीट केला, हात धुतले आणि ताट घेऊन बाहेर आली. दिवा, कुंकू, अक्षता. करंगळीच्या बाजूचं बोट कुंकवात बुडवलं आणि मानेच्या टोकाशी येऊन थांबली. पुढं काहीच नव्हतं.

"कपाळ कुठं येते याचं?"

"सापडलं नाही," दौलतराव पुटपुटला. "लय शोधलं."

गल्लीतल्या सगळ्या बायका पाहून राहिल्या होत्या. मला वाटलं, डोकं मी बनवूनच ठेवायला पाहिजे होतं, त्याच्या नकळत.

"मग सापडेपर्यंत इथंच लावते," गिरजाबाई म्हणाली आणि कुंकवाचं बोट तिनं दौलतरावच्या कपाळाला लावलं. टोपी जरा मागं सारून, नीट, मधोमध. अक्षता लावल्या. ओवाळलं. मग कनवटीचं नाणं काढून त्याच्या तळहातावर बोजारा ठेवला. साठीच्या माणसानं तो पोट्ट्यासारखा मुठीत गच्च धरला.

"न्या आता," ती म्हणाली. "अन् नाली पाहून न्या."

पहिलं बक्षीस अर्थातच त्याला मिळालं नाही. मुरलीभाऊनं ते एका सजवलेल्या मोठ्या नंदीला दिलं. माझ्याच हातचा होता. बीजाचा.

त्यानंतर ते जनावर ट्रंकेत जाईना. अर्धी खोली त्यानं व्यापली आणि ती दोघं उरलेल्या अर्ध्या खोलीत राहायला लागली. भिंतीपलीकडून सकाळ-संध्याकाळ कुरबूर ऐकू यायची. सातवं की आठवं, शेंगा ब्रशनं की हातानं. पिंपाला पाणी धरण्यापलीकडं काही काम उरलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेलो तर दौलतराव आंघोळ करून राहिला होता. डोकं मागं करून, तोंड वर धरून, मोठ्या कसरतीनं गळ्याखालीच पाणी घेत होता. कपाळावर कालचं कुंकू तसंच.

"डोक्यावर घे न गा पाणी," मी म्हटलं. "मानेला काय झालं तुझ्या?"

"काही नाही झालं," तो म्हणाला. "पुरावा होय मिस्त्री. पुसत नसतात."